खिचडीचं काम आणि कोर्टाची पायरी

शुक्रवारी मस्कतमध्ये सुट्टी असते, म्हणून गावाकडे निवांत फोन होतो. गेल्या महिन्यात फोन उचलल्या उचलल्या वहिनी म्हणाल्या, "भावजी, आमचं खिचडीचं काम बंद केलं की हो."

लातूर जिल्ह्यातल्या आमच्या गावात वहिनींचा अकरा जणींचा बचत गट आहे. आठ वर्षं त्या दोन अंगणवाड्यांना गरम ताजा आहार शिजवून देत होत्या. २०१७ मध्ये केंद्राने ठरवलेला दर एका मुलामागे दिवसाला ८ रुपये. त्यातच किराणा, सरपण आणि बायकांचे कष्ट. एक दिवस पत्र आलं: प्रशासकीय कारणास्तव पुरवठा थांबवावा. नोटीस नाही, तपासणीचा अहवाल नाही. चार महिन्यांचं बिल अडकलेलं आणि दुकानदाराची उधारी वहिनींच्या नावावर.

मी म्हटलं, "जाऊ द्या वहिनी, उधारीचे पैसे मी पाठवतो." आपण परदेशातली माणसं, लगेच पैशावर येतो. त्या म्हणाल्या, "उधारी फेडू हो आम्ही. पण अन्न खराब होतं म्हणून काढलं, असं गावभर झालंय. त्याचं काय?"

मग मी वाचायला बसलो. अन्नाच्या हक्काची मूळ याचिका २००१ची. त्यात ७ ऑक्टोबर २००४ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अंगणवाडीच्या आहारात ठेकेदार नकोत. शक्यतो गावसमाज, बचत गट, महिला मंडळं यांच्यामार्फतच खर्च व्हावा. वाचून मला हुरूप आला. पण पुढचं वाचलं तसा तो ओसरला. घरपोच आहाराचं काम राज्याने नव्या धोरणाने यंत्रावरच्या उत्पादनाकडे नेलं, तेव्हा महाराष्ट्रातल्याच महिला संस्था सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या आणि २०११ मध्ये हरल्या. धोरण ठरवणं सरकारचा अधिकार, हा मुद्दा भारी पडला. उलट २०१६च्या निविदेविरुद्ध वैष्णोराणी महिला बचत गट आणि इतर लढले. अटीच अशा घातल्या होत्या की खरेखुरे छोटे गट बाहेर पडावेत. २६ फेब्रुवारी २०१९ला न्यायालयाने ती निविदा प्रक्रिया रद्द करून नव्याने निविदा काढायला सांगितलं. म्हणजे कायदा बायकांच्या बाजूने आहे असं सरसकट म्हणता येत नाही, आणि नाही असंही नाही. शिवाय निविदा २०१६ची, निकाल २०१९चा! तोवर अंगणवाडीतलं पोर पहिलीत जाऊन बसतं.

वहिनींचं प्रकरण याहून साधं आहे. लातूरच्या एका वकिलांनी त्यांना नीट समजावलं. धोरणाला हात घालू नका. आम्हाला न विचारता काढलं, एवढंच म्हणा. दोष ठेवून काम काढायचं तर आधी कारणे दाखवा नोटीस द्यावी लागते, बाजू ऐकावी लागते. ते झालं नसेल तर खंडपीठात रिट याचिका करता येते. पण जिंकलात तरी बहुतेक एवढंच होईल की आदेश रद्द होऊन 'आता यांचं ऐका' म्हणून कागद परत त्याच कार्यालयात जाईल. तोवर कराराची मुदत संपली तर काम हातात येणारच नाही. आणि बिलाच्या रकमेवरच वाद निघाला, तर रिटमध्ये कोर्ट सहसा त्यात शिरत नाही. त्यासाठी दिवाणी दावा वेगळा.

एवढं ऐकून दोघी मागे सरल्या. एकीच्या नवऱ्याने कोर्टाच्या कागदावर सही करायची नाही असं बजावलंय. उरलेल्या नऊ जणी तयार आहेत. मी फीचे पैसे देतो म्हटलं, तर वहिनींनी निम्मेच घेतले. बाकीचे गटाच्या बचतीतून.

वकिलांनी पुरावा मागितला तेव्हा वहिनींनी धान्याच्या कोठीतून आठ वर्षांच्या वह्या काढल्या. रोज किती मुलं जेवली, चव कोणी घेतली, खाली सेविकेची सही. पर्यवेक्षिकेने तीन ठिकाणी 'आहार चांगला' असा शेरा मारलाय, त्या पानांचे फोटो मला आले. एका पानावर तेलाचा डाग आहे, सही मात्र स्पष्ट दिसते.

याचिका या आठवड्यात दाखल होईल. मोठी पातेली ओसरीत पालथी घालून ठेवलीत. भंगारवाला दोनदा विचारून गेला, वहिनींनी दिली नाहीत.