रात्री नऊची गोळी

रात्रीचे नऊ वाजले की माझा मामेभाऊ हातातले काम टाकून उठतो. गावात त्याची पिठाची गिरणी आहे. पुढ्यात गिऱ्हाईक असो वा पाहुणा, तो आतल्या खोलीत जातो, एक गोळी घेतो आणि मिशीवरून हात फिरवीत परत येतो. पूर्वी हे दिवसातून दोनदा चाले. एवढ्यावर तो गेली एकोणीस-वीस वर्षे जगला आहे, असे मी म्हटले तर वाचकांना ती अतिशयोक्ती वाटेल.

२००६ साली मी त्याला पाहायला गेलो, तेव्हा तो ओसरीच्या कोपऱ्यात निजला होता. वजन ३८ किलो. ताट-वाटी निराळी. मामी हलक्या आवाजात एवढेच म्हणाली, "त्याला 'ते' झालंय रे." 'ते' हे सर्वनाम मी वर्गात शेकडो वेळा शिकवले असेल, परंतु ते इतके निर्दय होऊ शकते हे मला त्या दिवशी कळले.

'ते' म्हणजे एच.आय.व्ही. हा विषाणू रक्तातल्या सी.डी.४ पेशींत शिरतो, तिथेच आपली पिलावळ वाढवतो आणि त्या पेशींचा नाश करतो. निरोगी माणसाच्या एका घनमिलिमीटर रक्तात या पेशी बहुधा पाचशेच्या वर असतात. दोनशेच्या खाली गेल्या की एड्स म्हणतात. याच्या ४७ होत्या, आणि जोडीला क्षय.

तीन औषधे एकत्र देण्याचा उपाय १९९६ पासून जगाला ठाऊक होता. पण त्याचा खर्च माणशी वर्षाला दहा हजार डॉलरांच्या वर! २००१ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या सिप्ला कंपनीचे डॉ. युसुफ हमीद यांनी तीच औषधे ३५० डॉलरांत देऊ केली. आपला १९७० चा पेटंट कायदा औषधावर नव्हे, तर ते करण्याच्या कृतीवर हक्क देई, म्हणून हे साधले. पुढे १ एप्रिल २००४ पासून सरकारी रुग्णालयांत ती फुकट मिळू लागली. आमचा भाऊ वाचला तो त्यामुळे. सहा महिन्यांत तो गिरणीच्या जात्याला टाकी लावू लागला.

मात्र या गोळ्या विषाणूची वाढ रोखतात, त्याला मुळासकट उपटत नाहीत. काही विषाणू पेशींत निद्रिस्त राहतो आणि औषध थांबले की जागा होतो. २००८ मध्ये याच्या बहिणीचे लग्न निघाले. घर पाहुण्यांनी भरलेले. डबी कोणाच्या दृष्टीस पडली तर सोयरीक मोडेल, या धास्तीने याने ती दोन महिने उघडलीच नाही. लग्न थाटात झाले आणि वरात परतली तेव्हा हा तापाने फणफणलेला! दैव बलवत्तर, म्हणून विषाणू औषधांना सरावला नव्हता. त्याच गोळ्या पुन्हा लागू पडल्या.

त्यानंतर त्याने एकही वेळ चुकवलेली नाही. आज चाचणीत त्याच्या रक्तात विषाणू सापडत नाही, आणि अशा अवस्थेत तो शरीरसंबंधातून जोडीदाराला जात नाही, हे मोठमोठ्या पाहण्यांत सिद्ध झाले आहे. वहिनींचे रक्त निर्दोष आहे. २०१३ साली झालेल्या मुलीचेही.

वेळेवर उपचार मिळालेली अशी माणसे आता म्हातारी होऊ लागली आहेत, आणि म्हातारपणाची दुखणीही त्यांना होतात. गेल्या वर्षी याला मधुमेह निघाला. ती बातमी त्याने स्वतःच गावभर केली! साखरेची गोळी तो ओट्यावर बसून, चारचौघांना दाखवून घेतो.

नऊची गोळी मात्र अजून आतल्या खोलीतच.