बिलप्सला सोडण्याचा पिटिनो यांचा निर्णय कितपत योग्य?

अमेरिकेतील एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेत संघांना परस्परांशी खेळाडूंची अदलाबदल करता येते. बोस्टन सेल्टिक्सचे तत्कालीन प्रशिक्षक रिक पिटिनो यांनी फेब्रुवारी १९९८ मध्ये केलेली अशीच एक अदलाबदल विशेष वादग्रस्त ठरली. पहिल्याच हंगामात केवळ ५१ सामने खेळलेल्या २१ वर्षीय चॉन्सी बिलप्ससह चार खेळाडू त्यांनी टोरांटो रॅप्टर्सला दिले. मोबदल्यात आलेल्या तिघांमध्ये २७ वर्षीय अनुभवी केनी अँडरसन हा प्रमुख होता.

१९९६-९७ च्या हंगामात ८२ पैकी अवघे १५ सामने जिंकणाऱ्या सेल्टिक्सने पिटिनो यांच्याकडे प्रशिक्षकपदाबरोबरच संघाचे अध्यक्षपदही सोपवले होते. १९९७ च्या नवोदितांच्या निवडीत तिसऱ्या क्रमांकावर घेतलेल्या बिलप्सकडून साहजिकच मोठ्या अपेक्षा होत्या.

पिटिनो यांचा निर्णय अगदीच निराधार नव्हता. बिलप्स गुण मिळवण्यात तरबेज होता. मात्र सहकाऱ्यांसाठी संधी निर्माण करण्याचे पॉइंट गार्डचे काम त्याच्या अंगवळणी पडलेले नव्हते. अँडरसन त्या कामात मुरलेला होता. २००२ मध्ये सेल्टिक्सने पूर्व विभागाची अंतिम फेरी गाठली, तेव्हा तो संघात होता. शिवाय बिलप्सलाही सूर गवसण्यास अनेक वर्षे लागली. टोरांटो, डेन्व्हर व मिनेसोटा असा प्रवास करून तो २००२ मध्ये डेट्रॉइट पिस्टन्समध्ये दाखल झाला.

तेथे मात्र त्याच्या गुणांचे चीज झाले. २००४ च्या अंतिम फेरीत पिस्टन्सने लॉस एंजेलिस लेकर्सचा ४-१ असा पराभव केला आणि बिलप्स त्या फेरीतील सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. २०२४ मध्ये बास्केटबॉलच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये त्याचा समावेश करण्यात आला. पिटिनो यांनी मात्र जानेवारी २००१ मध्येच, संघाला एकदाही बाद फेरीत न नेता, राजीनामा दिला होता.

बिलप्स पुढे एवढा मोठा होईल, हे १९९८ मध्ये कोणालाही ठाऊक असणे शक्य नव्हते. त्यामुळे केवळ निकालावरून पिटिनो यांना दोषी ठरवणे न्याय्य होणार नाही. चूक होती ती घाईची. पुढचा सामना जिंकण्याची चिंता प्रशिक्षकाला असते, तर पाच वर्षांनंतरच्या संघाचा विचार अध्यक्षाने करायचा असतो. दोन्ही पदे एकाच व्यक्तीकडे असल्याने प्रशिक्षकाच्या अधीरतेला आवर घालणारे कोणी उरले नाही. नव्याने उभ्या राहणाऱ्या संघाने एका नवोदिताची पारख अर्ध्या हंगामात आटोपली, हेच या निर्णयातील खरे वैगुण्य होय.