गोष्टीतलं जनावर कुणाच्या दारातलं?

आजचा विषय थोडा वेगळा आहे. गोष्टीत, कादंबरीत, सिनेमात जनावर येतं, तेव्हा लिहिणारा ते कुणाशेजारी उभं करतो, यावर आपण बोलू. जनावर बघून माणसाची पायरी ठरवायची सवय आपल्याला पुस्तकं वाचायच्या आधीपासूनच आहे. माळेगावच्या यात्रेत घोड्याचा भाव कोण करतं, लाल कंधारी बैलजोडी कुणाच्या दारात असते, शेळी कुणाच्या आणि डुक्कर कुणाच्या, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. पोरीचं लग्न जमवताना 'पोरगी अगदी गाय आहे हो' असंही आपणच सांगतो. म्हणजे काय? तर ती उलटून बोलणार नाही.

आधी जरा लांब जाऊ. इंग्लंडात व्हिक्टोरिया राणीचं राज्य होतं तेव्हा, 1877 साली, ॲना सेवेल या बाईनं 'ब्लॅक ब्यूटी' नावाची कादंबरी लिहिली. लहानपणी पाय दुखावल्यामुळं तिला नीट चालता येत नव्हतं. पुस्तक निघालं आणि पुढच्याच वर्षी ती वारली. या पुस्तकात घोडाच आपली कहाणी सांगतो. मोठ्या वाड्यातला हा देखणा घोडा हळूहळू भाड्याच्या गाडीला जुंपला जातो. मालक बदलतात तशा आपल्याला समाजाच्या पायऱ्या दिसत जातात. वाड्यातल्या मालकिणीला घोड्यांच्या माना ताठ दिसायला हव्यात, म्हणून लगाम वर खेचून बांधतात. जनावराला चढावर जोर लावता येत नाही, श्वास घेता येत नाही, पण थाट राहिला पाहिजे.

आम्हाला त्यातला सॅम नावाचा गाडीवान जास्त लक्षात राहिला. तो घोड्याला मारतो, म्हणून लोक त्याला नावं ठेवतात. पण गाडी आणि घोडे त्याच्या मालकीचे नाहीत. रोजचे अठरा शिलिंग मालकाच्या हातावर ठेवल्यावर जे उरेल ते त्याचं. घोडा थकला म्हणून थांबला, तर घरी लेकरं उपाशी. आपल्याकडं ऊसतोडीला जाणाऱ्या नवराबायकोला मिळून 'एक कोयता' म्हणतात, आणि त्या कोयत्याच्या डोक्यावर मुकादमाची उचल असते. ओव्हरलोड गाडीला बैल ओढत नाही म्हणून चाबूक मारणारा आपण रस्त्यावर बघतो. त्याला तसं करायला लावणारा हिशोब रस्त्यावर दिसत नाही. सेवेलबाईंनी तो हिशोब आकड्यासकट मांडला. असं लिहायला धाडस लागतं.

आता आपल्या मराठीकडं येऊ. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' 1955 साली आली. माणदेशातली धनगरांची वाडी, तिथं आलेला तरुण मास्तर, मेंढरं आणि शेवटी दुष्काळ. या वाडीत मेंढरू म्हणजे घरची इस्टेट. मेंढरं जगली तर वाडी जगली, आणि पाऊस गेला की माणसंही मेंढरांसारखीच वाट फुटेल तिकडं जातात. याच पुस्तकात शेकू नावाचा गरीब गडी आहे. त्याच्या औताला दुसरा बैल नाही. मग त्याची बायको बैलाच्या जोडीनं जुवाखाली मान घालते.

हे वाचताना कुणाला त्या बाईची ताकद दिसेल. खरंच दिसते, बाई दणकट आहे. पण आम्हाला त्यात बाजारभाव दिसला. ज्याच्याकडं दोन बैल तो शेतकरी. एक असेल तर त्यानं सावड शोधायची. तीही जमली नाही, तर घरातलं कुणीतरी बैल व्हायचं. ते कुणीतरी कोण, हे ठरवायला बैठक बसत नाही. आणि बैलाला वर्षातून एकदा पोळा तरी असतो.

गाढवाचं तर नावच शिवीसारखं घेतात. लक्ष्मण माने यांच्या 'उपरा' या 1980 च्या आत्मकथेत कैकाडी कुटुंबाचा संसार गाढवांच्या पाठीवरून गावोगाव फिरतो. ते गाढव त्यांचं घरच आहे.

याच कैकाडी भाषेत डुकराला 'फॅण्ड्री' म्हणतात. नागराज मंजुळे यांनी याच नावाचा सिनेमा 2013 साली केला. तो बघाच. जब्या हा शाळेत जाणारा पोरगा. त्याला वर्गातली शालू आवडते, म्हणून तो रानात काळ्या चिमणीच्या मागं फिरतो, कारण तिची राख शालूवर टाकली की ती आपली होईल असं त्याला कुणी सांगितलेलं असतं. पण गावातली डुकरं पकडायचं काम जब्याच्या घराकडं. ते सगळ्या शाळेसमोर, शालूसमोर करावं लागतं. पोरं हसतात. त्यातच शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं, हे कुटुंब जागच्या जागी उभं राहतं, आणि डुक्कर निसटतं. पुढं बांधलेलं डुक्कर खांद्यावर घेऊन घरची माणसं ज्या भिंतीसमोरून जातात, तिच्यावर बाबासाहेबांची आणि सावित्रीबाईंची चित्रं आहेत. 'फॅण्ड्री' म्हणून पोरं हाक मारतात ती जनावराला नव्हे, जब्याला.

विष्णुपुरीच्या आसपासच्या एका गटात कर्जाची पाळी आलेली एक ताई शेळ्या घेते म्हणाली. तिच्या सासरी तीन पिढ्या डुकरं पाळतात. पिल्लं कधी विकायची, आजार कसा ओळखायचा, सगळं तिला येतं. शेळीचं काहीच माहीत नाही. बैठकीनंतर आम्ही विचारलं, तर म्हणाली, "ताई, बैठकीत डुकराचं नाव घेतलं की बाया तोंडाला पदर लावतात." बँकेच्या फॉर्मवर जनावराचा रकाना एवढासा असतो, पण तो भरताना तिला सगळं गाव आठवलं. पुढच्या बैठकीत तिच्या कर्जावर पुन्हा बोलणं आहे. त्याआधी सगळ्याजणी मिळून 'फॅण्ड्री' बघायचा, असं गटानं ठरवलंय.

'बनगरवाडी' छोटं पुस्तक आहे. जिला वाचता येतं तिनं मोठ्यानं वाचावं, बाकीच्यांनी शेंगा फोडत ऐकावं.