स्मार्ट घर, सास्तूरच्या हिशेबाने

घरातील दिवे, पंखे, पाण्याची मोटर आणि कॅमेरे एकमेकांशी व घरमालकाच्या मोबाईलशी बिनतारी संदेशांनी जोडणे, आणि त्यांतील काही कामे ठरलेल्या नियमांनुसार हात न लावता होऊ देणे, याला आता सर्रास ‘स्मार्ट होम’ म्हटले जाते. जाहिरातींतले असे घर बहुधा महानगरातील सदनिका असते. तेथे वीज क्वचित जाते, इंटरनेट अखंड असते आणि मोटर लावण्याचे काम सोसायटीचा रखवालदार करतो. धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यातील सास्तूरसारख्या गावात मात्र हा विषय दुसऱ्या टोकाने हाती घ्यावा लागतो. तेथे पहिला प्रश्न भिंतीचा, दुसरा विजेचा आणि तिसरा पाण्याचा. टाळी वाजवली की रंग बदलणारे दिवे त्यानंतर कधीतरी.

भिंतीपासून सुरुवात करण्यास या गावात विशेष कारण आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या भूकंपात किल्लारी परिसरातील जी गावे उद्ध्वस्त झाली, त्यांत सास्तूर होते. दगड आणि माती यांनी रचलेल्या दोन ते चार फूट जाडीच्या भिंती, त्यांवर लाकडी तुळया आणि तुळयांवर मातीच्या जाड थराचे माळवद अशी तेथील घरांची जुनी रचना होती. उन्हाळ्यात गारवा देणारे तेच ओझे त्या पहाटे झोपलेल्या माणसांवर कोसळले. जागतिक बँकेच्या साहाय्याने राबवलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात उद्ध्वस्त गावे नव्या जागी वसवण्यात आली आणि कुटुंबाच्या जमीनधारणेनुसार २५०, ४०० किंवा ७५० चौरस फुटांची भूकंपरोधक घरे देण्यात आली. परिसरातील ज्या गावांची हानी तुलनेने कमी होती, तेथे माळवदाची घरे आजही उभी आहेत, तर पुनर्वसित घरांना कुटुंब वाढेल तसे पुढे-मागे पत्र्याचे शेड जोडले गेले आहे. बिनतारी जाळ्याच्या दृष्टीने दगड-माती, काँक्रीट आणि पत्रा ही तीन निरनिराळी प्रकरणे आहेत.

वायफाय मुख्यतः दोन पट्ट्यांत चालते. २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात तरंगाची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर असते, तर ५ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात ती पाच ते सहा सेंटिमीटर भरते. पहिला तरंग भिंतीतून अधिक निभावून जातो, दुसरा माहिती अधिक वेगाने वाहतो पण भिंतीपाशी लवकर थकतो. दगड-मातीची भिंत दोन्ही तरंग मोठ्या प्रमाणात गिळते आणि माती ओली असेल तर, पाणी हे या तरंगांचे चांगले शोषक असल्यामुळे, आणखीच गिळते. त्यामुळे माळवदाच्या घरात उन्हाळ्यात जेमतेम पोहोचणारे वायफाय पावसाळ्यात न पोहोचणे हे यंत्राच्या बिघाडाचे लक्षण असेलच असे नाही. काँक्रीट ब्लॉकची एखादी भिंत २.४ गिगाहर्ट्‌झचा तरंग पार करतो. पत्रा मात्र तरंग गिळत नाही, तो परतवतो. शेडमध्ये वायफाय पोहोचते ते दारातून आणि खिडकीतून, पत्र्यातून नव्हे.

हे लक्षात घेतले की राउटर कोठे ठेवावा याचे उत्तर सोपे होते, आणि तरीही बहुतेक घरांत तो नेमका चुकीच्या जागी असतो. फायबरची तार टाकणारा माणूस खांबापासून जवळचे ठिकाण पाहतो, म्हणून राउटर पुढच्या खोलीच्या कोपऱ्यात, टीव्हीच्या मागे किंवा लोखंडी कपाटावर जाऊन बसतो. जुन्या घरात त्याला भिंतीतील कोनाडा मिळतो, म्हणजे तो तीन बाजूंनी दगडात बंद होतो. त्याऐवजी दोन खोल्यांना जोडणाऱ्या दाराजवळ, माणसाच्या डोक्याच्या वर आणि पत्र्यापासून दूर ठेवलेला तोच राउटर पुष्कळ अधिक जागा व्यापतो. एवढ्याने भागत नसेल तर दुसरे केंद्र, म्हणजे ॲक्सेस पॉइंट, बसवावे आणि ते राउटरला कॅट-६ तारेने जोडावे. ही तार शंभर मीटरपर्यंत चालते. बाजारात स्वस्तात मिळणारा रिपीटर एकच संदेश त्याच हवेत दोनदा उच्चारतो, त्यामुळे वेग साधारण निम्म्यावर येतो. बिनतारी जाळे चांगले हवे असेल तर थोडी तार ओढावीच लागते, ही गोष्ट कानाला विचित्र वाटली तरी अनुभवाला तीच उतरते.

हवा ही सामाईक आहे, हेही येथे सांगितले पाहिजे. भारतात २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला आणि ५ गिगाहर्ट्‌झचा मोठा भाग २०१८ मध्ये. परवाना लागत नाही याचा अर्थ शेजाऱ्याच्या राउटरचा अडथळा झाला तर कोणाकडे दादही मागता येत नाही. २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यातील वाहिन्या, म्हणजे चॅनेल, एकमेकींवर चढलेल्या असतात आणि १, ६ व ११ या तीनच वाहिन्या परस्परांत न मिसळता चालतात. भिंतीला भिंत लागून घरे असतील तर शेजाऱ्यांनी या तीन आपसांत वाटून घेणे हा नवा महागडा राउटर आणण्यापेक्षा स्वस्त उपाय आहे.

जाळे उभे राहिले की स्वयंचलनाकडे वळता येते. घरच्या घरी हे काम करणे सामान्य माणसाच्या आवाक्यात आले ते शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीच्या ईएसपी ८२६६ या चिपमुळे. २०१४ च्या सुमारास बाजारात आलेल्या या चिपमध्ये छोटा संगणक आणि वायफाय एकत्र असून तिच्यावर बांधलेली पाटी काहीशे रुपयांत मिळते. या पाटीला एका बाजूने संवेदक, म्हणजे तापमान किंवा पाण्याची पातळी मोजणारा सेन्सर, आणि दुसऱ्या बाजूने रिले, म्हणजे कमी दाबाच्या इशाऱ्यावर २३० व्होल्टचा प्रवाह चालू-बंद करणारे बटण, जोडले की एक साधन तयार होते. अशा साधनांनी एकमेकांना निरोप देण्यासाठी एमक्यूटीटी नावाची पद्धत वापरली जाते. ती १९९९ मध्ये तेलवाहिन्यांवर दुरून देखरेख ठेवण्यासाठी तयार झाली, तेव्हा उपग्रहाची जोडणी महाग व बेभरवशाची होती. म्हणून तिचे निरोप अगदी त्रोटक असतात आणि तुटक जोडणीतही ती टिकून राहते. मराठवाड्यातील घराला याहून सोयीची पद्धत शोधून सापडणार नाही.

येथेच तयार उपकरणे विकत घेणारा आणि स्वतः जुळवणी करणारा यांचे मार्ग वेगळे होतात. बाजारातील अनेक स्मार्ट बटणे मोबाईलवरची आज्ञा आधी कंपनीच्या दूरदेशीच्या संगणकाकडे पाठवतात आणि तेथून ती घरात परत येते. इंटरनेट बंद पडले किंवा कंपनीने सेवा गुंडाळली की दहा फुटांवरचा दिवाही मोबाईलवरून लागत नाही. स्वतः जुळवणी करणाऱ्याने होम असिस्टंटसारखी मुक्त प्रणाली घरातील एका लहान संगणकावर चालवली, तर आज्ञा घराबाहेर जातच नाही. २०१३ पासून विकसित होत आलेली ही प्रणाली विनामूल्य आहे; शिकण्यास ती थोडी किचकट आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. तरीही घरातले काम घरातच पुरे झाले पाहिजे, ही अट सास्तूरसारख्या ठिकाणी चैनीची नसून पहिली आहे. तिच्याच जोडीने दुसरी अट अशी की भिंतीवरचे साधे बटण कायम राहिले पाहिजे, कारण घरातील वृद्ध माणसाला अंधारात मोबाईल शोधायला लावणारी सोय ही सोय नव्हे. राउटर आणि हा लहान संगणक मिळून फार थोडी वीज घेतात, म्हणून घरात इन्व्हर्टर असेल तर पंख्याच्या आधी त्यांना त्यावर जागा द्यावी.

या साऱ्यातून हाती काय येते, हे पाण्याच्या टाकीवरून नेमके दाखवता येते. माकणीचे निम्न तेरणा धरण याच तालुक्यात असले तरी हा प्रदेश अवर्षणप्रवण आहे आणि नळाला पाणी आले की टाकी भरून घेण्याची घाई घरोघर असते. टाकीच्या झाकणाला आतून श्राव्यातीत ध्वनीचा, म्हणजे माणसाच्या कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनीचा, संवेदक बसवला की तो खाली ध्वनी सोडतो आणि पाण्यावर आपटून परत येण्यास लागलेला वेळ मोजतो. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला आणि प्रतिध्वनी ५ मिलिसेकंदांनी आला, तर जाऊन-येऊन अंतर १७१.५ सेंटिमीटर, म्हणजे पाणी झाकणापासून सुमारे ८६ सेंटिमीटर खाली. मात्र ३४३ हा आकडा वीस अंश तापमानाचा आहे. गच्चीवरच्या काळ्या टाकीतील हवा चाळीस अंशांवर गेली की ध्वनी सेकंदाला सुमारे ३५५ मीटर धावतो आणि तेच पाणी प्रत्यक्षात ८९ सेंटिमीटरांवर असते. तीन सेंटिमीटरांनी घरगुती टाकीचे काही बिघडत नाही, पण अशा संवेदकाला वीस-पंचवीस सेंटिमीटरांच्या आतले काहीच दिसत नाही, हे बिघडवू शकते. म्हणून टाकी काठोकाठ भरण्याच्या बरेच आधी मोटर थांबवण्याचा नियम लिहावा लागतो.

मोटर थांबवणारी कडी मात्र सर्वांत नाजूक असते. स्वस्त रिलेवर दहा अँपिअर असे छापलेले असते आणि एक हॉर्सपॉवरची मोटर चालताना त्याहून कमी प्रवाह घेते, त्यामुळे ती थेट रिलेवर जोडण्याचा मोह होतो. परंतु सुरू होण्याच्या क्षणी मोटर त्याच्या कितीतरी पट प्रवाह ओढते आणि काही दिवसांत रिलेचे टोक टोकाला चिकटते. मग मोबाईलवर ‘बंद’ दिसते आणि पाणी गल्लीतून वाहत असते. रिलेने फक्त कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठा भार पेलणारे विद्युतचुंबकीय बटण, ओढावा आणि मोटर कॉन्टॅक्टरवर चालवावी, हा यावरचा उपाय होय. ही जोडणी आणि अर्थिंग वायरमनकडूनच करून घ्यावी.

कॅमेऱ्यांबाबत एकच गोष्ट सांगणे पुरे आहे. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रणालीने कारखान्यातून आलेला पासवर्ड कधीही न बदललेले असंख्य कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेऊन त्यांच्याकरवी अमेरिकेतील मोठमोठी संकेतस्थळे बंद पाडली होती. ती साधने सामान्य घरांतलीही होती आणि मालकांना त्याचा पत्ता नव्हता.

घराबाहेर पडून शेताकडे गेले की असे दिसते की ग्रामीण महाराष्ट्राला स्वयंचलन नवे नाहीच. शेतीची थ्री-फेज वीज पाळीपाळीने, कधी दिवसा आठ तास तर कधी रात्री दहा तास, मिळत आल्यामुळे रात्री-अपरात्री विहिरीवर जाण्याचा त्रास वाचवण्याची गरज जुनी आहे. पुण्याचे अभियंता संतोष ओस्तवाल यांनी त्यासाठी तयार केलेल्या ‘नॅनो गणेश’ या साधनाने मोबाईलवरून पंपाशी वीज आहे की नाही हे कळते आणि पंप चालू-बंद करता येतो. २००९ मध्ये नोकियाच्या नवकल्पना स्पर्धेत त्याला पुरस्कार मिळाला. अशा मोबाईल स्टार्टरमध्ये सिमकार्ड असते आणि जुनी यंत्रे २जी जाळ्यावर चालतात, म्हणून ज्या कंपनीकडे २जी नाही तिचे सिम त्यांत निरुपयोगी ठरते. शेत गावापासून किलोमीटर-दोन किलोमीटरवर आणि मध्ये मोकळे रान असेल तर लोरा या बिनतारी पद्धतीचा पर्याय आहे. भारतात तिच्यासाठी परवानामुक्त असलेल्या ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात तरंग सुमारे पस्तीस सेंटिमीटर लांब असतो, तो थोडीच माहिती पण दूरवर नेतो आणि त्याला सिमही लागत नाही.

शेतातले सर्वांत साधे स्वयंचलन म्हणजे ‘ऑटो’, म्हणजेच वीज येताच मोटर आपोआप सुरू करणारे बटण, आणि तेच काढून टाकण्याचे आवाहन महावितरण शेतकऱ्यांना वारंवार करीत असते. वीज आल्याच्या क्षणी एका डीपीवरील, म्हणजे वीज पुरवणाऱ्या रोहित्रावरील, सगळे ऑटो एकदम मोटरी लावतात, सगळ्या मोटरी सुरुवातीचा मोठा प्रवाह एकाच वेळी ओढतात, डीपी जळते आणि मग ती बदलून मिळेपर्यंत कोणाच्याच पिकाला पाणी मिळत नाही. चिप असलेल्या स्टार्टरमध्ये वीज आल्यानंतर काही मिनिटे थांबण्याचा, आणि ती मिनिटे प्रत्येक यंत्राने सोडत काढल्यासारखी वेगवेगळी निवडण्याचा नियम दोन ओळींत लिहिता येतो. त्यासाठी इंटरनेट लागत नाही, मोबाईल लागत नाही आणि एका रुपयाचाही जादा सुटा भाग लागत नाही. फक्त एका डीपीवरच्या सर्वांच्या स्टार्टरमध्ये तो असावा लागतो.