मनिलाचा गव्हर्नर आणि गोव्याची चार जहाजं

मंडळाच्या मागच्या बैठकीत गोव्याच्या विजरईंवर बोलणं चाललं होतं. जेरोनिमो द आझेवेदो हे नाव आलं, तेव्हा एका सभासदानं विचारलं, "हा नेमका कशासाठी लक्षात ठेवायचा?" मी पटकन बोलून गेलो, "१६१५ साली यानं चार मोठी जहाजं मलाक्क्याला पाठवली आणि चारही गमावली, तोच हा." लगेच पुढचा प्रश्न आला, "पण पाठवली कशाला?" मी म्हटलं, "मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नरानं मागितली म्हणून." सभा पुढच्या विषयाकडे वळली, पण घरी आल्यावर माझंच उत्तर मला अपुरं वाटू लागलं. मनिला कुठं, गोवा कुठं? तिथल्या गव्हर्नरानं मागावं आणि इथल्या विजरईनं द्यावं, असं यांचं नातं तरी काय होतं? या टिपणात ते उत्तर जरा नीट देण्याचा प्रयत्न करतो. त्यासाठी गोवा थोडा वेळ बाजूला ठेवून मनिलाला जावं लागेल.

एक राजा, दोन दरबार

गोवा पोर्तुगीजांकडे १५१० पासून. मनिला स्पॅनिशांच्या ताब्यात आली १५७१ मध्ये. लेगास्पी या पहिल्या गव्हर्नरानं तिथं राजधानी वसवली. पुढं १५८० साली पोर्तुगालची गादी रिकामी झाली आणि स्पेनचा दुसरा फिलिप तिथलाही राजा झाला. म्हणजे १५८० ते १६४० अशी साठ वर्षं गोवा आणि मनिला एकाच राजाची शहरं होती. ही गोष्ट आपण शाळेत एका ओळीत शिकतो आणि विसरतो.

पण राजा एक झाला म्हणून राज्य एक झालं नाही. १५८१ साली तोमार इथं फिलिपनं पोर्तुगीज सरदारांना वचन दिलं होतं, की पोर्तुगालचा समुद्रापारचा कारभार वेगळाच राहील आणि तिथल्या जागा पोर्तुगीजांनाच मिळतील. त्यामुळं गोव्याचा विजरई लिस्बनकडे बघायचा आणि मनिलाचा गव्हर्नर मेक्सिकोकडे, कारण मनिलाचं पोट भरायचं ते मेक्सिकोहून, अकापुल्को बंदरातून दरवर्षी येणाऱ्या चांदीवर. एकानं दुसऱ्याला हुकूम करायची सोय नव्हती. विनंती करता यायची, एवढंच. शिवाय दोघांच्या व्यापाऱ्यांमध्ये चुरस होती. मोलुक्कास बेटांवरच्या लवंगांवर पोर्तुगीज आपला हक्क सांगत, पण १६०५ मध्ये वलंदेजांनी, म्हणजे डचांनी, त्यांना तिदोर बेटावरून हुसकून लावलं. दुसऱ्याच वर्षी मनिलाच्या आरमारानं शेजारचं तेर्नाते जिंकलं आणि तिथं ठाण मांडलं स्पॅनिशांनी. पोर्तुगीजांना यात मदत दिसली तशीच घुसखोरीही दिसली.

हुआन दे सिल्वा

अशा वेळी, एप्रिल १६०९ मध्ये, हुआन दे सिल्वा मनिलात गव्हर्नर म्हणून उतरला. गंमत म्हणजे त्याच महिन्यात युरोपात स्पेन आणि डच यांच्यात बारा वर्षांचा तह झाला. आशियातल्या समुद्रावर मात्र त्याचा फारसा उपयोग झाला नाही. इथं लढाई चालूच राहिली. वर्ष संपायच्या आत फ्रान्स्वा विटर्ट हा डच सेनानी आपली जहाजं घेऊन फिलिपिन्सला आला. पानाय बेटावर त्याची डाळ शिजली नाही, तेव्हा तो मनिलाच्या आखाताबाहेर जाऊन बसला आणि चीनहून माल घेऊन येणारी जंक जहाजं एकामागून एक पकडू लागला. मनिला जगायची ती याच चिनी व्यापारावर. चिनी रेशीम यायचं, मेक्सिकोची चांदी जायची. म्हणजे विटर्टनं शहराच्या नरड्यावरच पाय दिला होता.

सिल्वापाशी तेव्हा धड आरमार नव्हतं. त्यानं काही महिने दम धरला, काविते इथल्या गोदीत होती ती जहाजं डागडुजी करून उभी केली आणि एप्रिल १६१० मध्ये प्लाया ओंदा इथं विटर्टला गाठलं. विटर्ट मारला गेला, त्याची जहाजं हाती आली आणि पकडलेला चिनी मालही परत मिळाला. सिल्वाचं नाव झालं ते या लढाईनं. माझ्या मते पुढची गडबडही इथूनच सुरू झाली. एका मोठ्या घावात डचांना आशियातून उखडता येईल असं त्याच्या मनानं घेतलं.

१६११ मध्ये तो स्वतः मोलुक्कासवर चालून गेला. १६०६ पासून मनिलात कैदेत असलेला तेर्नातेचा सुलतानही त्यानं बरोबर नेला. त्याच्या शब्दावर लोक वळतील ही आशा. ती फोल ठरली. हालमाहेरा बेटावरची एक-दोन ठाणी हाती लागली, मुख्य काम झालं नाही. तेव्हा त्यानं ठरवलं, की एकट्या मनिलाच्या बळावर हे व्हायचं नाही, गोव्याचं आरमार बरोबर हवं.

सहा हजार माणसं आणि एका जहाजाच्या डोलकाठ्या

गोव्याच्या वाट्याकडे येण्याआधी मनिलाच्या वाट्याचं सांगायला हवं. आमच्याकडच्या पुस्तकांत ही बाजू येतच नाही. मोठं आरमार म्हणजे मोठी लाकडं. ती डोंगरात, तोडायची, ओढत खाली आणायची, मग गोदीत तासायची. हे सगळं करायचं कोणी? तागालोग आणि पाम्पांगा मुलखातल्या गावकऱ्यांनी. याला तिथं 'पोलो' म्हणत. आपला शब्द लावायचा तर वेठ. नियमानं माणसाला वर्षाला चाळीस दिवस काम आणि त्याबद्दल थोडी मजुरी. कागदावर ठीकच. प्रत्यक्षात गोदीची निकड आली की दिवस मोजायला कोणी बसत नसे आणि मजुरी तिजोरीत चांदी असली तर मिळे. त्याशिवाय 'बांदाला' होता: प्रत्येक गावानं ठरलेला तांदूळ वगैरे माल सरकारला ठरलेल्या भावानं विकायचा, पैसे बहुधा उधार.

फेर्नांदो दे लोस रिओस कोरोनेल हा मनिलाचा वकील म्हणून माद्रिदला गेला होता. त्यानं राजापुढं जे निवेदन ठेवलं त्यात तो सांगतो, की एकाच गॅलियनच्या डोलकाठ्या लागुना दे बाय प्रांतातल्या डोंगरांतून ओढून आणायला सहा हजार माणसं तीन महिने राबली. त्यांची मजुरी गावांनीच दिली, पोटाला मात्र कोणी काही दिलं नाही. सेबास्तियान दे पिनेदा नावाच्या कप्तानानं १६१९ मध्ये जहाजबांधणीबद्दल लिहिलेल्या अहवालात काविते गोदीतल्या चौदाशे सुतारांचा उल्लेख आहे. त्यांतले किती कामानं मेले, किती चाच्यांच्या धाडीत गेले, किती पळून गेले, हे तो सांगतो आणि कारणही देतो: पाच वर्षं मजुरी मिळालेली नव्हती. ही दोघंही माणसं सरकार पक्षाची. राजाच्या आरमारावर त्यांचा राग नव्हता, तरी त्यांना हे लिहावंसं वाटलं.

कोणी म्हणेल, लढाई आहे तर हे चालायचंच. डच दारात होते हे खरंच आहे. पण १६१० ची लढाई सिल्वानं होत्या त्या जहाजांवर जिंकली होती. पुढच्या पाच वर्षांत राबवलेली माणसं राबली ती शहर वाचवण्यासाठी नाही, तर दूर जाऊन घाव घालण्याच्या बेतासाठी. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

गोव्याचं उत्तर

सिल्वानं गोव्याला जेझुइट पाद्री पाठवले; त्यांत मनिलाच्या कॉलेजचे रेक्टर हुआन दे रिबेरा होते. विजरई आझेवेदोची तेव्हाची अवस्था आपण ध्यानात घेतली पाहिजे. १६१३ मध्ये पोर्तुगीजांनी सुरतेचं 'रहिमी' हे मोगल राजघराण्याचं जहाज पकडलं आणि जहांगीर बादशहाशी वैर ओढवून घेतलं. १६१५ च्या सुरुवातीला आझेवेदो स्वतः आरमार घेऊन सुरतेजवळ सुवाळीला इंग्रजांच्या डाउन्टनशी लढायला गेला आणि हात हलवत परत आला. बडोदा-सुरतेकडच्या आपल्या वाचकांना सुवाळी माहीत असेलच. अशा माणसाकडे मनिलाला द्यायला किती जहाजं असणार? तरी त्यानं चार गॅलियन दिली. फ्रान्सिस्को द मिरांदा एन्रिकेस त्यांचा सेनानी होता.

आता वाऱ्याचा हिशेब पाहा, कारण सगळं घोडं तिथंच अडलं. मलाक्क्याहून मनिलाला जायचं तर नैर्ऋत्येचा वारा हवा, म्हणजे आपल्याकडच्या पावसाळ्याचे महिने. मनिलाहून मलाक्क्याला यायचं तर उलटा, हिवाळ्यातला ईशान्येचा वारा. एकाला जो वारा अनुकूल तोच दुसऱ्याला प्रतिकूल. एक मोसम हुकला की निम्मं वर्ष गेलं. पत्र जायला एक मोसम, उत्तर यायला दुसरा. बेत ठरवणाऱ्या दोघांनाही समोरच्याची ताजी खबर कधीच नाही.

तसंच झालं. गोव्याची जहाजं मलाक्क्याला पोचेतो मनिलाचा वारा संपला होता. ती तिथंच थांबली. १६१५ च्या अखेरीस आधी आचेच्या सुलतानाच्या आरमाराशी त्यांची गाठ पडली, त्यात एक जहाज गेलं. पाठोपाठ डच आले आणि उरलेली तीनही संपली. मनिलात सिल्वाला याची खबर नाही. फेब्रुवारी १६१६ मध्ये तो दहा गॅलियन आणि इतर जहाजं घेऊन निघाला. त्या पाण्यात एवढं मोठं युरोपीय आरमार त्याआधी कोणी पाहिलं नव्हतं. शहर उघडं टाकून जाऊ नका असं मनिलात अनेकांनी सांगितलं होतं. तो सिंगापूरच्या सामुद्रधुनीपर्यंत आला, तेव्हा भेटायला गोव्याची जहाजंच उरली नव्हती. तिथून तो मलाक्क्याला गेला, तापानं पडला आणि १९ एप्रिल १६१६ रोजी तिथंच वारला. आरमारात आजार पसरला होता. जूनमध्ये ते तसंच मनिलाला परतलं. डचांशी लढाई म्हणावी अशी झालीच नाही.

त्याच वेळी श्पिलबर्गेन हा डच सेनानी मॅगेलनच्या सामुद्रधुनीतून पॅसिफिक ओलांडून मनिलाच्या आखाताशी येऊन गेला होता. त्यानं शहरावर हल्ला केला नाही, तो पुढं मोलुक्कासला गेला. मनिला वाचली ती गव्हर्नरामुळं नव्हे, असं म्हणायला हरकत नाही.

मला काय वाटतं

सिल्वाबद्दल लिहिणारे बहुतेक म्हणतात, शूर होता पण नशीब खोटं. मला हे पटत नाही. वारा हुकणं हे नशीब नव्हे. वारा दरवर्षी ठरल्या वेळीच उलटतो, आणि ते मनिला, मलाक्का, गोवा तिन्हीकडच्या तांडेलांना पाठ होतं. बेतच असा होता, की दोन दरबार, दोन तिजोऱ्या आणि दोन उलटे मोसम एका दिवशी एका ठिकाणी जुळावेत. तसं जुळवणारा कोणी अधिकारी दोन्हीकडे नव्हता. राजा होता, पण तो माद्रिदला. आझेवेदोलाही १६१७ नंतर पोर्तुगालला नेऊन कैदेत टाकलं. तुरुंगातच तो गेला. त्याच्यावरचे आरोप बरेच होते, फक्त या जहाजांचा नव्हता.

मनिलाकडे मात्र वेठ संपली नाही. १६६० मध्ये पाम्पांगात लाकूडतोड्यांनीच बंड केलं, फ्रान्सिस्को मानियागोच्या पुढारपणाखाली. कारण तेच: डोंगरात महिनोन् महिने लाकूडतोड आणि थकलेली मजुरी. म्हणजे सिल्वा गेला तरी त्याची पद्धत चव्वेचाळीस वर्षांनीही चालू होती.

तर त्या सभासदाला माझं सुधारलेलं उत्तर असं: चार जहाजं गेली ती एका राजाच्या दोन शहरांना एक आरमार असल्यासारखं वागायचं होतं म्हणून, आणि बुडाली ती तसं एक आरमार कधी नव्हतंच म्हणून. पुढच्या वेळी विजरईंच्या तसबिरी बघायला जुन्या गोव्याला गेलो, तर या चार जहाजांबरोबर लागुनाच्या डोंगरातली ती सहा हजार माणसंही सांगायची असं मी ठरवलं आहे. मलाक्का-मनिलाच्या व्यापाराचा उल्लेख असलेले जुने कागद कोणाच्या घरी असतील तर त्यांनी मंडळाला जरूर कळवावं. एखादी नक्कल मिळाली तरी पुढच्या बैठकीत वाचता येईल.