पाण्याचे दहा दिवस

वैशाखात घराच्या भिंतीला तिरकी भेग पडते आणि श्रावणात ती मिटल्यासारखी दिसते. घरमालक गवंड्याला बोल लावतो, गवंडी सिमेंटला. आमच्या मते काळ्या मातीच्या मुलखात बहुतेक वेळा दोघांचाही नेम चुकतो. दोष खालच्या मातीचा, आणि ती न ओळखता पाया घालणाऱ्याचा.

श्रोतेहो, आम्ही इंजिनिअर नव्हे. बांधकाम-मजुरांची संघटना चालविता चालविता, आपला माणूस कोणत्या चरात उतरतो आहे हे कळावे म्हणून जे वाचले, विचारले, तेवढेच मांडणार आहोत.

दख्खनच्या बेसाल्टपासून झालेल्या या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. ते पाणी शोषते तशी माती फुगते आणि घर उचलते; उन्हात सुकली की आकसते. ही उचल-बैठक साधारण साडेतीन मीटर खोलीपर्यंत चालते. त्याखालच्या मातीला ऋतू फारसे कळत नाहीत. यावर रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने जो उपाय रुळविला त्याला अंडर-रीम्ड पाइल म्हणतात. गिरमिटाने सुमारे 30 सेंटिमीटर रुंदीचे भोक त्या स्थिर थरापर्यंत न्यायचे, तळाशी खास अवजाराने ते अडीच पट रुंद करायचे, मग सळया सोडून काँक्रीट भरायचे. तळाला कांद्यासारखी गाठ होते. वरचे ओझे ती पेलते, आणि माती फुगून खांब वर ओढू लागली तर गलबताच्या नांगरासारखी धरूनही ठेवते. रुंद चर खणावा लागत नाही, काँक्रीट वाचते, आणि ढासळत्या चरात माणूस उतरवावा लागत नाही. आमच्या लोकांच्या दृष्टीने हे थोडे नव्हे.

या खांबांच्या माथ्यांवरून जी तुळई जाते तिच्याखाली सुमारे 8 सेंटिमीटर पोकळी सोडतात. माती फुगेल ती त्या पोकळीत. पण पोकळी कशासाठी, हे बिगाऱ्याला कोणी सांगितलेले नसते. तो साइट झाडताना राडारोडा तिच्यात लोटून मोकळा होतो, आणि सगळी विद्या फुकट जाते.

आता सिमेंट. 100 किलो शुद्ध चुनखडी भाजली की 44 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. भट्टीच्या इंधनाचा धूर निराळाच. कोळसा कितीही वाचविला तरी दगडातला हा वायू सुटायचाच. तेव्हा भाजलेल्या चुनखडीचा वाटा कमी करणे भाग. इथे औष्णिक वीजकेंद्रांची राख कामी येते. पोर्टलंड पोझोलाना सिमेंटात भारतीय मानकाप्रमाणे ती 15 ते 35 टक्के असू शकते. कल्पना नवी नाही. आपले जुने गवंडी चुन्यात सुरकी, म्हणजे विटांची भुकटी, मळीत, त्यातही हेच रसायन. सिमेंट भिजताना मोकळा होणारा चुना राखेतल्या सिलिकेशी जुळतो आणि काँक्रीटची बारीक छिद्रे बुजतात. मात्र हे काम सावकाश चालते, आणि ओल असेपर्यंतच चालते. म्हणून आय. एस. 456 हे मानक साध्या सिमेंटाला किमान 7 दिवस, तर राखेच्या सिमेंटाला किमान 10 दिवस ओल सांगते.

इथेच कंत्राटदाराचा आणि आमचा तंटा. 2009 च्या उन्हाळ्यात एका साइटवर तुळईवरची पोती भिजविणाऱ्या दोघीजणींना पाचव्या दिवशी घरी बसविले. "काँक्रीट घट्ट झालं, आता पाण्याला पैसे कशाला?" आम्ही गेलो ते मजुरीसाठी भांडायला, हे कबूल करतो. त्यांतली थोरली बाई म्हणाली, "भाऊ, पोतं कोरडं पडलंय, आधी त्याचं बघा." सिमेंटाच्या पिशवीवर राखेचे नाव छापलेलेच होते. ते वाचून दाखविले, मानकाचे पान पुढे ठेवले, तेव्हा कुठे दोघींना परत घेतले. मधले दीड दिवस तुळई उन्हात उघडी पडली होती.

तेव्हापासून करार करताना पाण्याचे दहा दिवस आम्ही निराळ्या ओळीत लिहून घेतो.