सणाच्या पानातील मुख्य पदार्थ

आपल्या मराठी शाकाहारी मेजवानीला नाव मिळते ते पक्वान्नावरून. पुरणाचे जेवण, श्रीखंडाचे जेवण असे आपण म्हणतो. अळूच्या भाजीचे जेवण असे कोणी म्हणत नाही, मग पंक्तीतील निम्म्या मंडळींचे लक्ष त्या भाजीच्या पातेल्याकडेच का लागलेले असेना. सामिष घरी हा क्रम उलटतो. तेथे मटणाचे किंवा मासळीचे जेवण असते आणि गोड मागाहून येते.

दिल्लीत किंवा कोलकात्यात राहणाऱ्या मराठी कुटुंबाला सणाच्या दिवशी जी अडचण पडते, तिचे मूळ या भेदात आहे. पंजाबी किंवा बंगाली शेजारी जेवावयास येतात. गोड शेवटी खावयाचे, अशी त्यांची सवय. ते पुरणपोळी बाजूला ठेवतात, आमटी-भाजीच्या वाट्यांमध्ये जेवणाचा मुख्य पदार्थ शोधू लागतात आणि अखेर बटाट्याच्या भाजीवर जेवण उरकतात. ज्या पदार्थात सकाळपासूनचे श्रम गेले, तोच पानात निवत राहतो. म्हणून अशा प्रसंगी पक्वान्नाखेरीज पानाला मध्य देणारा एखादा तिखटामिठाचा पदार्थ निवडणे अगत्याचे ठरते.

हा प्रश्न गोव्यातील मत्स्याहारी घरांनी फार पूर्वी सोडविला आहे. एरवी मासळीवाचून ज्यांचा घास उतरत नाही, त्यांच्या घरीही गणेशचतुर्थीला जेवण ‘शिवराक’, म्हणजे निव्वळ शाकाहारी असते, आणि त्या पानाचा मान खतखत्याकडे जातो. तूरडाळ शिजवून घ्यावी. सुरण, रताळे, कच्चे केळे, मक्याच्या कणसाचे तुकडे, शेवग्याच्या शेंगा, मुळा, भोपळा अशा पावसाळ्यात मिळणाऱ्या भाज्यांचे ठसठशीत तुकडे करावेत. आधी सुरण आणि कणसे, मग मुळा व शेंगा आणि सर्वांत शेवटी भोपळा, असा शिजविण्याचा क्रम ठेवला म्हणजे कशाचाही लगदा होत नाही. त्यात ओले खोबरे, मिरची आणि हळद यांचे वाटण, थोडा गूळ आणि आमसुले. सुरणात सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात, त्यांमुळे घसा खवखवतो. त्यावर आंबटाची जोड देण्याची आपली जुनी रीत येथे आपोआप पाळली जाते. कांदा-लसूण नाही, फोडणी बहुधा नाही. सगळी मदार अखेरीस घालावयाच्या तिरफळांवर. आठ माणसांच्या खतखत्याला दहा-बारा पुरतात. मात्र त्यांतील काळे बी काढून टाकावे, साल तेवढी किंचित ठेचून घालावी.

आता हेच तिरफळ बांगड्याच्या आमटीत पडते. खोबऱ्याचे वाटण आणि आंबटही तेच. खतखते मासळीचे सोंग घेत नाही, परंतु मासळीचा सगळा गोतावळा ते आपल्याभोवती जमवते, आणि म्हणूनच मासे खाणाऱ्याला त्या दिवशी काही उणे भासत नाही. मला स्वतःला ही युक्ती फार शहाणपणाची वाटते.

दुसरी युक्ती रूपाची आहे. पुणे जिल्ह्याच्या उत्तरेस, जुन्नर-ओतूरकडे, मासवडी करतात. नावात मासा आहे, पदार्थात नाही. बेसन पाण्यात घट्ट शिजवून ते गरम असतानाच ओल्या फडक्यावर थापतात, त्यावर तीळ व सुके खोबरे यांचे भाजून कुटलेले सारण पसरतात आणि फडक्यासह गुंडाळून, दाबून आकार देतात. वड्या कापल्या की माशाच्या तुकडीची आठवण होते. सोबत झणझणीत रस्सा आणि बाजरीची भाकरी. बंगाल्यांनी हरभऱ्याच्या वाटलेल्या डाळीच्या वड्या तळून रश्श्यात सोडल्या आणि त्यांना ‘धोका’ असेच नाव दिले. कच्च्या फणसाला तर तिकडे ‘झाडावरचा बोकड’ म्हणतात! नावे थट्टेची असली तरी डाळीची निवड थट्टेची नाही. मांसाने जेवणास जो भरीवपणा येतो, तो शाकाहारात आणावयाचा तर डाळीसारखे साधन नाही. हल्ली जेथे तेथे पनीर पुढे येते. पनीरशी माझे वैर नाही. पण ते दुकानातून येते आणि एरवीच्या मंगळवारीही येते, मग सणाचे असे त्यात काय उरले?

निवड करण्यापूर्वी पाहुण्यांना स्पष्ट विचारावे. ‘शाकाहारी’ हा शब्द पुरेसा नाही. बंगालात कालीपूजेच्या प्रसादाचे कांदा-लसणाविना शिजविलेले बोकडाचे मटण ‘निरामिष’ म्हणून ओळखले जाते! जैन पाहुणे कंदमुळे वर्ज्य करतात. त्यांच्यासाठी खतखते बाद, आणि बंगाली धोक्यातील ओले आलेही बाद, सुंठ मात्र चालते. आपल्याच घरच्या वडील मंडळींनी चातुर्मासात कांदा, लसूण आणि वांगी सोडलेली असतात. पंक्ती अशी संमिश्र असेल, तर मी मासवडीच्या बाजूने कौल देईन. नेहमीच्या सारणातील कांदा-लसूण वगळून तीळ आणि खोबऱ्याचे प्रमाण वाढवावे, थोडी खसखस घालावी. रस्सा हिंग, धणे आणि चिंचेवर करावा. वड्या सकाळी करून पूर्ण निवू द्याव्यात, म्हणजे कापताना मोडत नाहीत. रश्श्यात त्या आधीपासून बुडवून ठेवू नयेत. पान वाढतानाच वाटीत घालाव्यात.

या पानात पुरणपोळी मात्र ठेवू नये. हरभऱ्याच्या डाळीवर हरभऱ्याची डाळ पोटाला जड होते, आणि दोन यजमानीण बायकांप्रमाणे दोन मुख्य पदार्थ एका पानात नांदत नाहीत. गव्हल्यांची किंवा तांदळाची पातळ खीर वाटीतून द्यावी. पंजाबी शेजारी ती शेवटी पितील, आपण पोळीशी खाऊ.